इद्दत : मुसलमान विधवेचा शोककाल

'इद्दत' हा शब्द पुण्याच्या सुशिक्षित मराठी घरांत शिरला तो शोकाच्या वाटेनें नव्हे, तर पोटगीच्या वादाच्या वाटेनें. २२ मार्च १९७० रोजीं हमीद दलवाई यांनीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. तेव्हांपासून तोंडी तलाक आणि तलाक मिळालेल्या स्त्रीचा निर्वाह हे प्रश्न या शहरांत जाहीरपणें चर्चिले जाऊं लागले. पुढें २३ एप्रिल १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाहबानो प्रकरणीं निकाल दिला, १९८६ सालीं मुसलमान स्त्रियांच्या घटस्फोटोत्तर हक्कांसंबंधींचा कायदा झाला, आणि पोटगी इद्दतीपुरतीच कीं त्यापुढेंहि, हा वाद घरोघर पोंचला. २००१ सालीं दानियल लतीफी प्रकरणांत त्याच न्यायालयानें या कायद्याचा अर्थ असा लावला कीं, इद्दतीची मुदत संपण्यापूर्वीं पतीनें पत्नीच्या पुढील आयुष्याचीहि वाजवी तरतूद केली पाहिजे. या साऱ्या चर्चेंत एक गोष्ट मात्र मागें पडली. इद्दत दोन प्रकारची असते. एक तलाकानंतरची आणि दुसरी पतीच्या मृत्यूनंतरची. पहिलीबद्दल न्यायालयांत आणि सभांतून पुष्कळ बोललें गेलें; दुसरी मात्र घराच्या चार भिंतींच्या आंत निमूटपणें पाळली जाते. मोमीनपुऱ्यापासून कोंढव्यापर्यंत ज्या घरांत कर्ता पुरुष जातो, त्या घरांतील स्त्रीचे पुढचे चार महिने या नियमाखालीं जातात. आणि शेजारच्या बिऱ्हाडाला बहुधा त्याचा नीटसा अर्थ ठाऊक नसतो.

अरबी भाषेंत 'इद्दत' या शब्दाचा मूळ अर्थ मोजणें, गणना असा आहे. मोजून पाळावयाची मुदत ती इद्दत. मराठी वाचकास ही मुदत पाहतांच सुतकाची आठवण होणें स्वाभाविक आहे; परंतु या दोहोंत मूलभूत अंतर आहे. सुतकांत अशौचाची कल्पना असते. इद्दतींत ती मुळींच नाहीं. इद्दतींतील विधवा नमाज पढते, रमजानचे रोजे ठेवते, कुराणाचें वाचन करते, स्वयंपाक करते आणि तिच्या हातचें सर्वजण खातात. तिच्या स्पर्शानें कोणी अपवित्र होत नाहीं. तसेंच तिसऱ्या दिवशींची जियारत किंवा चाळिसावा हे दिवस घरोघर पाळले जात असले, तरी ते मृतासाठीं करावयाच्या प्रार्थनेचे रूढ प्रसंग होत. विधवेच्या मुदतीशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. चाळिसावा झाला म्हणून इद्दत संपत नाहीं.

या नियमाची पार्श्वभूमि इस्लामपूर्व अरबस्तानांत आहे. त्या काळीं पति वारल्यावर स्त्रीला एका लहानशा कोंदट खोपटांत ठेवीत. ती सर्वांत हलकीं वस्त्रें नेसे, अंगाला सुगंध लावीत नसे, आणि असें एक संपूर्ण वर्ष काढल्यावर जनावराची लेंडी दूर फेंकून ती आपला शोक संपल्याची खूण करी. हदीसच्या संग्रहांतून या चालीचें वर्णन आलेलें आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांतील २३४ व्या आयतेनें ही मुदत चार महिने दहा दिवस ठरवून दिली. याच आयतेच्या शेवटीं असें सांगितलें आहे कीं, मुदत पुरी झाल्यावर त्या स्त्रिया स्वतःविषयीं रीतीला धरून जें कांहीं ठरवतील त्याचा दोष इतरांवर नाहीं. म्हणजे बंधन जेथें घातलें, तेथेंच त्याचा अंतहि लिहून ठेवला. हा अंत हाच या नियमाचा गाभा होय, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुदतीची गणना चांद्रमासांनीं होते. पति मोहरमच्या पहिल्या तारखेस वारला, तर मोहरम, सफर, रबीउलअव्वल आणि रबीउस्सानी हे चार महिने आणि त्यापुढील जमादिलअव्वलचे दहा दिवस, असा हिशेब होतो. मृत्यु महिन्याच्या मध्यावर झाला असेल, तर इमाम अबू हनीफा यांच्या मतें सरळ १३० दिवस मोजावे. गणना मृत्यूच्या दिवसापासून होते, बातमी कळल्याच्या दिवसापासून नव्हे. दूरदेशीं गेलेल्या पतीच्या निधनाची वार्ता पांच महिन्यांनीं आली, तर हनफी शास्त्राप्रमाणें त्या स्त्रीची इद्दत संपलेली असते.

पत्नी गरोदर असल्यास नियम बदलतो. कुराणाच्या पासष्टाव्या अध्यायांत गरोदर स्त्रीची मुदत प्रसूतीपर्यंत सांगितली आहे. सुबैआ नांवाची एक स्त्री पतीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं बाळंत झाली. तिची मुदत संपली कीं चार महिने दहा दिवस तिनें थांबावें, असा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हां महंमद पैगंबरांनीं ती मोकळी झाल्याचा निर्णय दिला. सुन्नी पंथाचीं चारही शास्त्रें या निर्णयाला धरून चालतात. शिया इमामी शास्त्रांत मात्र दोन मुदतींपैकीं जी लांब असेल ती पाळावयाची, असें मत मान्य झालें आहे. तलाकाची इद्दत याहून निराळी आहे. ती साधारणतः तीन ऋतुकालांची असते, आणि पतिपत्नींचा सहवासच घडला नसेल तर ती मुळींच नसते. विधवेला अशी सूट नाहीं. विवाह होऊन सहवास घडण्यापूर्वींच पति वारला, किंवा पत्नी सत्तर वर्षांची असली, तरी चार महिने दहा दिवस तिनें पाळलेच पाहिजेत.

येथें या नियमाच्या हेतूचा प्रश्न उद्भवतो. गर्भ आहे कीं नाहीं याची खात्री व्हावी आणि होणाऱ्या मुलाच्या पितृत्वाविषयीं संशय राहूं नये, हें कारण नेहमीं सांगितलें जातें आणि तें खरेंहि आहे. परंतु तेवढेंच एक कारण असतें, तर वृद्ध स्त्रीला ही मुदत लागू करण्याचें प्रयोजन नव्हतें; आणि आजच्या काळीं तर वैद्यकीय तपासणीनें गर्भाचा निर्णय थोड्याच दिवसांत होतो. यावरून शास्त्रकार असें म्हणत आले आहेत कीं, या मुदतींत दोन हेतु एकत्र गुंफलेले आहेत : एक वंशनिश्चिति आणि दुसरा पतीच्या स्मृतीचा आदर. पहिला हेतु विज्ञानानें साधला, तरी दुसरा शिल्लक राहतो.

या दुसऱ्या हेतूंतून शोकाचे नियम निघतात. नातलगासाठीं तीन दिवसांहून अधिक काळ शोकाचा वेष धारण करूं नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. अपवाद केवळ पतीचा. पैगंबरांच्या पत्नी उम्मे हबीबा यांचे वडील अबू सुफयान वारले, तेव्हां तीन दिवसांनंतर त्यांनीं सुगंधी द्रव्य मागवून घेतलें. सुगंधाची हौस उरलेली नाहीं, परंतु पतीखेरीज कोणासाठींहि तीन दिवसांहून अधिक शोक करूं नये ही शिकवण पाळावयाची आहे, असा त्यांनीं खुलासा केला. पतीच्या शोकांत विधवेनें अत्तर, सुरमा, मेंदी, दागिने आणि शृंगारासाठीं रंगविलेलीं भडक वस्त्रें वर्ज्य करावयाचीं असतात. स्नान, स्वच्छता, केस विंचरणें, साधे नीटनेटके कपडे घालणें यांस मनाई नाहीं. डोळे दुखत असतां औषध म्हणून रात्रीं सुरमा घालून सकाळीं पुसावा, अशीहि सवलत शास्त्रकारांनीं दिलेली आहे. पांढरेंच वस्त्र नेसलें पाहिजे असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

सर्वांत अधिक गैरसमज आहेत ते घराबाहेर पडण्याविषयीं. अबू सईद खुदरी यांची बहीण फुरैआ हिच्या पतीचा पळून गेलेल्या गुलामांनीं वध केला होता, आणि पतीच्या मालकीचें घर मागें राहिलें नव्हतें. तिनें माहेरीं जाण्याची परवानगी मागितली. तेव्हां मुदत संपेपर्यंत आहे त्याच घरीं राहावें, असा निर्णय तिला मिळाला. यावरून विधवेनें इद्दत पतीच्या राहत्या घरीं काढावी हा नियम निघाला. या नियमाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्या दिवशीं पति गेला त्याच दिवशीं दिरानें किंवा सासऱ्यानें तिला घराबाहेर काढूं नये, हेंहि त्यांतून सूचित होतें. घर कोसळण्यासारखें असेल, तेथें चोराचिलटांचें भय असेल, भाडें देणें अशक्य असेल, किंवा वारसांनीं तिला बाहेर काढलें असेल, तर तिनें दुसरीकडे जावें, असें हनफी ग्रंथांत सांगितलेलें आहे.

दिवसा बाहेर जाण्याबाबत हनफी शास्त्रानें एक फार मार्मिक भेद केला आहे. बाराव्या शतकांतील 'हिदाया' हा ग्रंथ या शास्त्राचा आधारस्तंभ मानला जातो. वॉरन हेस्टिंग्जच्या आज्ञेवरून चार्ल्स हॅमिल्टन यानें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १७९१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून हिंदुस्थानांतील न्यायालयांत तो प्रमाण मानला जाऊं लागला. त्यांत म्हटलें आहे त्याचा आशय असा : तलाकाच्या इद्दतींतील स्त्रीनें घराबाहेर पडूं नये, कारण तिचा खर्च पतीवर आहे, परंतु विधवेनें दिवसा बाहेर जाण्यास हरकत नाहीं, कारण तिला कोणाकडून निर्वाहखर्च मिळावयाचा नाहीं आणि उदरनिर्वाह तर केलाच पाहिजे. रात्र मात्र तिनें आपल्याच घरीं काढावी. उहुदच्या लढाईंत, म्हणजे इ. स. ६२५ मध्यें, ज्यांचे पति पडले त्या स्त्रियांस एकटेपणा असह्य झाला, तेव्हां एकमेकींच्या घरीं बसून बोलावें आणि झोंपण्यास आपापल्या घरीं परतावें अशी मोकळीक मिळाली, अशीहि एक परंपरा सांगितली जाते. कोकणी मुसलमान बहुतांशीं शाफई शास्त्राचे अनुयायी आहेत. त्या शास्त्रांतहि गरजेसाठीं दिवसा बाहेर जाण्यास वाव आहे.

या भेदाचें महत्त्व पुण्यासारख्या शहरांत सहज कळण्यासारखें आहे. येथें कित्येक स्त्रिया शाळांतून शिकवतात, रुग्णालयांत परिचारिका असतात, कारखान्यांत किंवा कचेरींत काम करतात, चार घरचीं धुणींभांडीं करतात, शिवणयंत्रावर संसार चालवतात. पति गेल्यावर चार महिने दहा दिवस जर त्यांनीं उंबरठा ओलांडावयाचाच नाहीं, तर नोकरी जाते, मुलांची फी थकते, आणि शोकाच्या जोडीला कर्ज येऊन बसतें. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानें मुसलमान विधवेस या संपूर्ण मुदतीची पगारी रजा दिलेली आहे. भारतांतील सर्वसाधारण कामगार कायद्यांत तशी तरतूद नाहीं. तेव्हां कामावर जाणारी विधवा धर्म मोडते असें जे शेजारीपाजारी म्हणतात, त्यांनीं आपल्याच शास्त्रग्रंथांतील हें वचन विचारांत घेणें अगत्याचें आहे. वैद्याकडे जाणें, बँकेंत सही करणें, न्यायालयांत हजर होणें, मतदान करणें हींहि अशींच निकडीचीं कामें होत. करमणुकीसाठीं फिरणें, लग्नसमारंभांत मिरविणें, दूरचा प्रवास करणें या गोष्टींपासून मात्र तिनें अलिप्त राहावें, असें शास्त्रकार सांगतात.

रूढि मात्र शास्त्रापेक्षां नेहमींच अधिक कडक असते. कांहीं घरांत विधवेला अंधाऱ्या खोलींत किंवा पडद्याआड एका कोपऱ्यांत बसवितात. तिनें आकाश पाहूं नये, चंद्र पाहूं नये, परपुरुषाचा आवाजहि ऐकूं नये, असें सांगतात. हातांतल्या बांगड्या फोडतात. यांपैकीं कशालाहि कुराणांत किंवा हदीसांत आधार नाहीं. परपुरुषासंबंधीं जी मर्यादा तिला एरवीं असते, तीच इद्दतींत असते. तींत भर पडत नाहीं. बांगड्या फोडण्याची चाल तर या भूमींतील सर्वच समाजांत पसरलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींनीं त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें, तेव्हां ही चाल एका धर्माची नसून अवघ्या महाराष्ट्राची आहे, याची आठवण पुनश्च झाली.

शोकाच्या या दिवसांत विधवेचे आर्थिक हक्क नजरेआड होतात, हा धोका विशेष आहे. हनफी शास्त्राप्रमाणें पतीच्या मिळकतींतून तिला इद्दतीचा खर्च मिळत नाहीं. त्याचें कारण असें कीं, ती आतां स्वतःच वारस झालेली असते. पतीला मूलबाळ असेल तर मिळकतीचा एक अष्टमांश आणि नसेल तर एक चतुर्थांश, हा तिचा वांटा कुराणानें ठरवून दिलेला आहे. शिवाय न दिलेली महर ही मृताचें ऋण समजली जाते. इतर ऋणांप्रमाणें ती वांटणीच्या अगोदर फेडावी लागते. मृताच्या तिरडीपाशीं विधवेकडून महर माफ करून घेण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. दुःखानें बधिर झालेल्या स्त्रीनें लोकलाजेस्तव उच्चारलेल्या शब्दांना खऱ्याखुऱ्या संमतीचें मोल कसें द्यावें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. महर फिटेपर्यंत, रीतसर ताब्यांत आलेली पतीची मिळकत विधवेनें सोडूं नये, असा तिचा हक्क प्रिव्ही कौन्सिलनें १९१६ सालीं हमीरा बीबीच्या खटल्यांत मान्य केलेला आहे. इद्दतीच्या काळांत कोऱ्या कागदांवर सह्या घेणारे आप्त पुष्कळ भेटतात. म्हणून या मुदतींत तिनें कोणत्याहि हक्कसोडपत्रावर घाईनें सही करूं नये, एवढें तरी तिच्या हितचिंतकांनीं पाहावें.

पुनर्विवाहाविषयींचे नियम स्पष्ट आहेत. इद्दतींत विवाह करावयाचा नाहीं आणि उघड मागणीहि घालावयाची नाहीं. आडून सुचविण्यास अथवा मनांत हेतु बाळगण्यास दोष नाहीं, असें कुराणांत म्हटलें आहे. इद्दतींतच विवाह झाला तर सुन्नी कायद्यांत तो अनियमित ठरतो, सर्वस्वीं रद्द ठरत नाहीं. शिया कायद्यांत तो रद्द ठरतो. या कायद्याची इंग्रजींतील सुव्यवस्थित मांडणी करणारे सर दिनशा मुल्ला हे मुंबईचे पारशी विधिज्ञ होते, आणि १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुसलमानी कायद्याच्या रूपरेषेचे कर्ते आसफ फैजी यांचा जन्म माथेरानचा. मुदत संपल्यावर विवाहास कोणताहि अडसर नाहीं. पैगंबरांच्या प्रथम पत्नी खदीजा या विधवा होत्या, आणि पुढील पत्नींपैकींहि बहुतेक विधवाच होत्या.

पुण्याच्या वाचकास येथें एक तुलना सुचल्यावांचून राहणार नाहीं. १८५६ च्या कायद्यानें हिंदु विधवेच्या विवाहाला मान्यता दिली, तरी धोंडो केशव कर्वे यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांना बहिष्कार सोसावा लागला; आणि १८९६ सालीं विधवांच्या शिक्षणासाठीं त्यांना संस्था काढावी लागली. उच्चवर्णीय हिंदु विधवेच्या शोकाला त्या काळीं अंतच नव्हता. इतर अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती. इस्लामच्या शास्त्रांत शोकाला मुदत होती. परंतु हिंदुस्थानांतील खानदानी मुसलमान घरांनीं विधवाविवाह कमीपणाचा मानण्याची वृत्ति शेजाऱ्यांपासून उचललीच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सय्यद अहमद बरेलवी यांना विधवाविवाहाचा प्रचार करावा लागला, आणि त्यांनीं स्वतः आपल्या भावाच्या विधवेशीं विवाह करून उदाहरण घालून दिलें. अर्थात् केवळ शास्त्रांत वाट मोकळी असून भागत नाहीं. समाजानें ती चालू दिली पाहिजे.

विधवेनें कांहीं काळ थांबावें ही कल्पना एकट्या इस्लामची नव्हे. प्राचीन रोमन कायद्यांत दहा महिन्यांचा शोककाल होता, पुढें तो वर्षाचा झाला. यहुदी शास्त्रांत ९० दिवसांची मुदत आहे. फ्रान्सच्या कायद्यांत ३०० दिवसांची मुदत होती, ती २००४ सालीं उठली. जपानांत पूर्वींचा विवाह संपलेल्या स्त्रीस सहा महिने थांबावें लागे; २०१६ सालीं ती मुदत १०० दिवसांवर आली आणि एप्रिल २०२४ पासून ती सर्वस्वीं रद्द झाली. जेथें पितृत्वाचा निर्णय एवढाच हेतु होता, तेथें विज्ञानानें हा नियम निरुपयोगी केला. जेथें धार्मिक आज्ञा आणि शोक हेहि हेतु आहेत, तेथें तो टिकून आहे.

या नियमावर आक्षेपहि आहे, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. पत्नी वारल्यावर पुरुषाला अशी मुदत नाहीं. शोकाची सक्ति एकाच पक्षावर कां, असें सुशिक्षित मुसलमान स्त्रिया आज विचारतात. वंशनिश्चितीचा मुद्दा पुरुषाला लागू पडत नाहीं, हें शास्त्रकारांचें उत्तर पहिल्या हेतूपुरतें पुरेसें आहे. दुसऱ्या हेतूपुरतें तें पुरेसें आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. दुसऱ्या बाजूनें, ही मुदत आपल्याला हवीहवीशी वाटली, असें सांगणाऱ्या स्त्रियाहि असतात. पति गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोणी स्थळ सुचवूं नये, कोणी घराबाहेर काढूं नये, रडण्याची लाज वाटूं नये, आणि जग थोडें दूर राहावें, हा आधार त्यांना त्यांत दिसतो. एकाच नियमाचा एकीला आसरा होतो आणि दुसरीला तुरुंग. तो कोणता व्हावा, हें बव्हंशीं भोंवतालच्या माणसांवर अवलंबून असतें.

म्हणूनच शेजाराचें कर्तव्य येथें उपस्थित होतें. इद्दतींतील स्त्रीकडे जाण्यास कोणत्याहि धर्माच्या स्त्रीला मज्जाव नाहीं. उलट तिची विचारपूस करणें हें पुण्यकर्म समजलें जातें. तिचें रेशन आणून देणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, मृत्यूचा दाखला आणि विम्याचे कागद मिळवून देणें, तिच्या कचेरींतील वरिष्ठांस ही मुदत काय आहे तें समजावून सांगणें, आणि ती कामावर निघाली तर तिच्याकडे बोट न दाखविणें, एवढें शेजाऱ्यांस सहज करतां येण्यासारखें आहे. मुदत संपते त्या दिवशीं माहेरचीं माणसें बहुधा तिला नवें वस्त्र आणतात. तें वस्त्र नेसून ती बाहेर पडेल, तेव्हां तिची नोकरी, तिचा वांटा आणि तिचें घर हीं तिन्हीं तिच्यासाठीं शाबूत असावींत, इतकेंच या चार महिने दहा दिवसांचें मागणें आहे.